कुत्रा तुझा, कुत्रा बाप: फसव्या युक्तिवादाची ग्रीक शाळा

अथेन्समधली एक तालीम, लायसियम नावाची. तरुण मुलं इथे कुस्ती खेळायला येतात आणि व्यायाम झाला की कपडे बदलायच्या खोलीत गप्पा मारत बसतात. त्या खोलीत डायोनिसोडोरस नावाचा एक वयस्क शिक्षक क्टेसिप्पस नावाच्या तरुणाला विचारतो,

"तुझ्याकडे कुत्रा आहे का रे?"

"आहे की. भलता द्वाड आहे."

"त्याला पिल्लं आहेत?"

"आहेत. तीही त्याच्यासारखीच."

"म्हणजे तो कुत्रा बाप आहे?"

"आहेच. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि कुत्रा तुझा आहे ना?"

"माझाच."

"मग बघ, कुत्रा बाप आहे आणि कुत्रा तुझा आहे. म्हणजे तो तुझा बाप झाला, आणि तू त्या पिल्लांचा भाऊ!"

हा प्रसंग प्लेटोने आपल्या 'युथिडेमस' या संवादात रंगवला आहे. त्याला सुमारे चोवीसशे वर्षं होत आली. विशेष म्हणजे ग्रीकमधला हा डाव मराठीत आणताना काही बिघडत नाही. 'बाप आहे' आणि 'तुझा आहे' ही दोन वाक्यं आपल्या भाषेतही अगदी सहज एकमेकांना चिकटतात आणि 'तुझा बाप' तयार होतो.

उत्तर चूक आहे हे लहान मूलही सांगेल. पण चूक नेमकी कुठे आहे, हे सांगायला गेलं की जीभ अडखळते, कारण क्टेसिप्पसने दिलेलं प्रत्येक उत्तर खरं होतं. डायोनिसोडोरसही एक शब्द खोटं बोललेला नाही.

फसव्या युक्तिवादाबद्दल पहिली समजून घ्यायची गोष्ट हीच. तो खोटेपणापेक्षा वेगळा असतो. आपल्याकडे 'ध चा मा करणे' असा वाक्प्रचार आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत 'धरावे' या शब्दाचं 'मारावे' झालं, म्हणजे एक अक्षर बदललं गेलं. ते सरळ खोटं आहे, मूळ कागद सापडला की पकडलं जातं. कुत्र्याच्या युक्तिवादात मात्र एकही अक्षर बदललेलं नाही. विटा सगळ्या पक्क्या आहेत, खोट आहे ती सांध्यात. म्हणून एकेक विधान तपासत बसलं तर हाती काही लागत नाही. एका विधानावरून दुसऱ्यावर जाताना काय घडलं, तिकडे बघावं लागतं.

ही कला ग्रीसमध्ये एवढी फोफावली, ती का? माझ्या मते त्याचं मोठं उत्तर न्यायालयात आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये वकील नव्हते. तुमच्यावर खटला झाला तर तुम्हालाच उभं राहून बोलावं लागे. फार तर पैसे देऊन कोणाकडून तरी भाषण लिहून घ्यायचं आणि पाठ करून म्हणायचं. लिसियाससारखे लोक अशी भाषणं लिहून देत. समोर एक न्यायाधीश नसे. तिशी ओलांडलेल्या नागरिकांमधून दरवर्षी ६,००० जणांची यादी चिठ्ठ्या टाकून ठरे आणि त्यांतूनच खटल्यासाठी पंच बसत, कधी २०१, कधी ५०१, कधी त्याहून जास्त. वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ असे, भांड्यातलं पाणी संपलं की बोलणं संपलं. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की पंच आपापसात चर्चा न करता लगेच मत टाकत. चार दिवस विचार करून 'अरे, हा माणूस आपल्याला गुंडाळत होता' असं ध्यानात येण्याची सोयच नव्हती. जमीन, इज्जत, प्रसंगी जीव, सगळं त्या पाण्याच्या भांड्याएवढ्या वेळेत आपण काय बोलतो यावर टांगलेलं असे.

राजकारणाचंही तसंच. युद्ध करायचं की तह, हे हजारो नागरिकांच्या सभेत हात वर करून ठरे. ज्याला बोलता येतं त्याचं राज्य. अशा गावात बोलायला शिकवणाऱ्यांना मागणी आली नसती तरच नवल.

परंपरा सांगते की या विद्येची सुरुवात अथेन्समध्येही झाली नाही, सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात झाली. तिथली जुलमी राजवट इ.स.पू. ४६६ च्या सुमारास कोसळली आणि बळकावलेल्या जमिनी परत मागणाऱ्यांचे खटले सुरू झाले. जुन्या मालकीचे कागद कुठून आणणार? पुरावा नाही, साक्षीदार पांगलेले. मग उरतं ते एकच: 'काय संभवनीय आहे' हे पंचांना पटवणं. कोरॅक्स आणि त्याचा शिष्य टिसियास यांनी या संभवाच्या युक्तिवादाचं शास्त्र बांधलं असं म्हणतात.

त्यांचा नमुना असा. एक किरकोळ माणूस आणि एक पहिलवान यांच्यात मारामारी झाली. किरकोळ माणसावर आरोप असेल तर तो म्हणेल, "माझ्याकडे बघा. मी याच्यावर हात उगारेन हे संभवतं का?" ठीक आहे, यात दम आहे. आरोप पहिलवानावर असेल तर? तो म्हणेल, "मी एवढा दांडगा आहे, म्हणजे संशय माझ्यावरच येणार हे मला माहीत होतं. हे माहीत असताना मी असं करेन हे संभवतं का?"

हा दुसरा युक्तिवाद जरा मनात घोळवून बघा. पहिलवानाने मारलं असण्याची शक्यता जास्त, हेच त्याने मारलं नसल्याचं कारण बनवलं आहे. अ‍ॅरिस्टॉटलने पुढे यातली खोट दाखवली. 'संभवनीय' हा शब्द इथे दोन वजनांनी वापरला जातो. दांडगा माणूस मारामारी करतो हे सर्वसाधारणपणे संभवनीय आहे. संशयाच्या भीतीने एखादा दांडगा माणूस हात आवरेल, हे एका खास परिस्थितीत, एका अटीवर संभवनीय आहे. दोन्हींना एकच शब्द आहे म्हणून दोन्ही एकाच तराजूत घातले, आणि अटीचं वजन गुपचूप काढून घेतलं. 'दुबळी बाजू सबळ करून दाखवणे' म्हणतात ते हेच, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो.

तो पुढे हेही म्हणतो की प्रोटागोरसने हे शिकवण्याची हमी दिली तेव्हा लोक चिडले, आणि ते चिडणं रास्त होतं.

प्रोटागोरस हा सोफिस्टांमधला सर्वात नामांकित. सोफिस्ट हा शब्द 'सोफोस' म्हणजे शहाणा, जाणता यावरून आलेला, आणि सुरुवातीला तो मानाचा होता. उत्तर ग्रीसमधल्या अब्डेरा गावचा हा माणूस शहरोशहरी फिरून श्रीमंतांच्या मुलांना शिकवायचा आणि त्याबद्दल उघडपणे फी घ्यायचा. त्या काळी ही फी हाच मोठा चर्चेचा विषय होता. एव्हेनस नावाच्या एका शिक्षकाचा दर प्लेटो ५ मिना सांगतो, म्हणजे ५०० द्राख्मा. कुशल कारागिराला तेव्हा दिवसाला साधारण एक द्राख्मा मिळे. म्हणजे एका अभ्यासक्रमाला कारागिराची दीड वर्षाच्या आसपासची कमाई. बोलायला शिकणं ही मग श्रीमंतांची मिरास होते. लोकांच्या रागामागे हेही एक कारण असणार, असं मला वाटतं.

प्रोटागोरसची एक प्रसिद्ध गोष्ट रोमन लेखक ऑलस गेलियस याने सांगितली आहे. युआथ्लस नावाच्या शिष्याशी त्याचा करार झाला: अर्धी फी आधी, उरलेली अर्धी पहिला खटला जिंकल्यावर. शिष्य शिकला, पण खटलाच लढवेना. अखेर गुरूने उरलेल्या फीसाठी त्याच्यावर दावा लावला आणि पंचांसमोर म्हणाला, "मी जिंकलो तर निकालाप्रमाणे मला पैसे मिळतील. मी हरलो तर हा पहिला खटला जिंकेल, म्हणजे कराराप्रमाणे मला पैसे मिळतील." शिष्य उठून म्हणाला, "मी जिंकलो तर निकालाप्रमाणे काही देणं लागत नाही. मी हरलो तर पहिला खटला मी जिंकलेला नाही, म्हणजे कराराप्रमाणेही काही देणं लागत नाही." गोष्टीतले पंच एवढे गोंधळले की त्यांनी निकाल न देता खटला लांबच्या तारखेला ढकलला.

गोष्ट घडली असो वा नसो, तिच्यातली कळ फार महत्त्वाची आहे. इथे कसोट्या दोन आहेत, निकाल आणि करार. गुरूने प्रत्येक वेळी स्वतःला सोयीची कसोटी उचलली. जिंकलं की निकाल, हरलं की करार. शिष्याने नेमकं उलट केलं. पंचांनी एवढंच विचारायला हवं होतं: "दोहोंचा वाद झाला तर वरचढ काय, ते आधी ठरवा. मग शेवटपर्यंत तेच धरा." कसोटी मधेच बदलणं हा फसव्या युक्तिवादाचा फार जुना आणि फार टिकाऊ प्रकार आहे. घरातल्या वाटणीच्या भांडणात बघा. एका भावाला शेत देताना 'परंपरा' लागते, बहिणीचा हिस्सा निघाला की 'लग्नात एवढा खर्च केला' हा हिशोब लागतो. दोन्ही वाक्यं वेगवेगळी ऐकली तर विचार करण्यासारखी वाटतात. एकाच माणसाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी, एकापाठोपाठ येतात तेव्हा सांधा दिसतो.

प्रोटागोरसची शिकवण मात्र एवढीच नव्हती, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. प्रत्येक विषयाला एकमेकांविरुद्ध असे दोन पक्ष असतात, असं तो म्हणे. त्याच परंपरेतलं, इ.स.पू. ४०० च्या आसपासचं एक निनावी टिपण टिकून आहे. त्यात अशी उदाहरणं आहेत: आजार रोग्याला वाईट, वैद्याला चांगला, मृत्यू मरणाऱ्याला वाईट, तिरडीचं सामान विकणाऱ्याला आणि थडगं खणणाऱ्याला चांगला. यात फसवणूक कुठे आहे? उलट 'कोणासाठी?' हा प्रश्न विचारायची सवय लागते. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतल्या वादविवाद स्पर्धांत आजही हेच चालतं. मी शाळेत असताना बाजू चिठ्ठीने ठरायची आणि मनाला न पटणाऱ्या बाजूने बोलायची वेळ अनेकदा यायची. त्या तयारीत समोरच्याचं म्हणणं जेवढं कळलं, तेवढं स्वतःच्या आवडत्या बाजूने बोलताना कधी कळलं नाही. दोन्ही बाजू मांडता येणं हे बळ आहे. फसवणूक सुरू होते ती ऐकणाऱ्याला सांधा दिसू नये अशी तजवीज केली की.

ती तजवीज कशी असते हे पाहायचं तर गॉर्जियसकडे जावं. हा सिसिलीतल्या लिओन्टिनाय गावचा. इ.स.पू. ४२७ मध्ये आपल्या गावासाठी मदत मागायला तो वकील, म्हणजे दूत, म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणाने शहर भारावून गेलं. त्याचं 'हेलनची स्तुती' हे छोटं भाषण आज उपलब्ध आहे. हेलन म्हणजे जिच्यामुळे ट्रॉयचं युद्ध पेटलं असं मानत ती राणी, ग्रीकांच्या नजरेत दोषीच. गॉर्जियस म्हणतो, ती ट्रॉयला गेली त्याची कारणं चारच असू शकतात: देवांची इच्छा, बळजबरी, कोणाच्या तरी बोलण्याची भुरळ, किंवा प्रेम. देवांपुढे कोणाचं चालतं? बळजबरी झालेली स्त्री दोषी कशी? प्रेम हीसुद्धा एका देवाचीच शक्ती, किंवा मनाचा आजार. आणि शब्द? शब्द हा बलाढ्य सत्ताधीश आहे. औषधाचा शरीरावर जसा परिणाम होतो तसा शब्दांचा मनावर होतो. काही औषधं रोग संपवतात, काही आयुष्य संपवतात. ज्याच्यावर शब्दांचा अंमल चढला तो बळजबरी झालेल्या माणसासारखाच. म्हणजे हेलन चारही बाजूंनी निर्दोष.

भाषण सुंदर आहे आणि शब्दांच्या शक्तीबद्दल त्यात खोल सत्य आहे. पण सांधे तपासा. 'कारणं चारच' हे कोणी ठरवलं? हेलनने स्वतः विचार करून निर्णय घेतला, ही पाचवी शक्यता यादीत आलीच नाही, आणि यादी वाचून दाखवणाऱ्याच्या आत्मविश्वासामुळे आपणही ती शोधत नाही. दुसरा सांधा: पटवणं आणि जबरदस्ती करणं यांत साम्य आहे, एवढ्यावरून ती दोन्ही एकच ठरवली. साम्य आणि एकत्व यांतलं अंतर एका उपमेने बुजवलं. भाषणाच्या शेवटी गॉर्जियस स्वतः सांगतो की हे माझं एक खेळणं आहे. मला ते वाक्य फार प्रामाणिक वाटतं. जादूगाराने खेळ संपल्यावर रिकामी टोपी दाखवावी तसं.

त्याच वर्षी, इ.स.पू. ४२७ मध्ये, हे खेळणं किती धारदार असतं ते अथेन्सने अनुभवलं. मिटिलीनी या शहराने बंड केलं होतं. तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचं आणि बायकामुलांना गुलाम करायचं असा ठराव सभेने रागाच्या भरात केला आणि जहाज रवाना झालं. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन पुन्हा सभा भरली. इतिहासकार थुसिडिडिस सांगतो की कत्तलीच्या बाजूने बोलणाऱ्या क्लिऑनने सभेलाच झापलं: तुम्ही राज्याचा निर्णय करायला बसल्यासारखे वागत नाही, सोफिस्टांचा जलसा ऐकायला आलेल्या प्रेक्षकांसारखे वागता. हे सांगणारा क्लिऑन स्वतः त्या काळचा पट्टीचा वक्ता. वक्तृत्वावर विश्वास ठेवू नका हे तो वक्तृत्वानेच पटवत होता. या वेळी थोडक्या मतांनी ठराव फिरला, दुसरं जहाज रात्रंदिवस वल्हवत गेलं आणि कत्तल सुरू होण्याआधी जेमतेम पोहोचलं.

सोफिस्टांबद्दलची चीड रंगभूमीवरही आली. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'ढग' या इ.स.पू. ४२३ च्या नाटकात कर्जबाजारी म्हातारा देणी बुडवायची युक्ती शिकण्यासाठी मुलाला एका 'विचारशाळेत' घालतो. मुलगा असा तयार होतो की बापाला मारतो आणि वर ते योग्य कसं हे सिद्ध करून दाखवतो: लहानपणी माझ्या भल्यासाठी तू मला मारलंस, म्हातारपण हे दुसरं बालपण, मग मी तुझं भलं का करू नये?

त्या शाळेचा चालक म्हणून नाटकात दाखवलाय तो सॉक्रेटिस. खरा सॉक्रेटिस फी घेत नव्हता, वाद जिंकून देण्याची विद्या विकत नव्हता. पण प्रेक्षकांच्या मनात ठसा उमटला. चोवीस वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, त्याच्यावर खटला झाला तेव्हा तो पंचांना म्हणतो की समोरच्या फिर्यादींपेक्षा मला जुन्या आरोपकर्त्यांची भीती जास्त वाटते, ज्यांनी तुम्हाला लहानपणापासून सांगितलं की हा दुबळी बाजू सबळ करणारा माणूस आहे. प्लेटोच्या नोंदीप्रमाणे फक्त ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. 'सोफिस्ट' हे लेबल चिकटवणं हाही एक फसवा युक्तिवादच होता. माणूस काय म्हणतो ते तपासण्याऐवजी त्याला एका बदनाम गटात ढकलायचं, की तपासायची गरजच उरत नाही. आजच्या बातम्यांच्या चर्चांमध्ये हे रोज चालतं आणि दर वेळी मला तो खटला आठवतो.

खुद्द सोफिस्टांच्या वाट्यालाही हेच आलं. त्यांचं बहुतेक लेखन नष्ट झालं आणि आपल्याला ते मुख्यतः त्यांच्या कडव्या विरोधकाच्या, प्लेटोच्या, लेखणीतून माहीत आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराने त्यांची बाजू जोरात मांडली: ते त्यांच्या काळाचे शिक्षक होते, एका पंथाचे ठग नव्हते. मला ग्रोटचं म्हणणं बरंचसं पटतं. कुत्र्याचा डाव टाकणारे युथिडेमस आणि डायोनिसोडोरस हे भाऊ, आणि प्रोटागोरस, यांना एका पोत्यात भरणं बरोबर नाही.

या सगळ्या धामधुमीतून खरं औषध काढलं ते अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४ ते ३२२). 'सोफिस्टांची खंडनं' या अर्थाच्या नावाच्या छोट्या ग्रंथात त्याने फसव्या युक्तिवादांचं वर्गीकरण केलं. सुरुवातीलाच तो रोगाचं मूळ सांगतो. आपण बोलताना प्रत्यक्ष वस्तू समोर आणू शकत नाही, वस्तूंऐवजी शब्द वापरतो, हिशोब करणारे खडे वापरतात तसे. पण खडे आणि शब्द यांत फरक आहे. शब्द मोजके असतात, वस्तू अगणित, म्हणून एकाच शब्दाला अनेक अर्थ वाहावे लागतात. ज्याला खड्यांचा हिशोब नीट येत नाही त्याला हिशोबात तरबेज माणूस फसवतो. तसंच शब्दांची ताकद न जाणणारा बोलताना फसतो.

त्याने एकूण तेरा प्रकार सांगितले, सहा भाषेमुळे होणारे आणि सात भाषेबाहेरचे. सगळे इथे मांडत नाही, पण काही मराठीतून बघण्यासारखे आहेत.

एका शब्दाचे दोन अर्थ. 'ज्याला अर्थ नाही ते व्यर्थ' हे पटतं. गरिबाजवळ अर्थ नाही, हेही खरं. म्हणून गरिबाचं जगणं व्यर्थ? इथे 'अर्थ' पहिल्यांदा मतलब होता, दुसऱ्यांदा पैसा झाला. हे लगेच दिसतं, कारण दोन्ही अर्थ लांबलांबचे आहेत. धोका तिथे असतो जिथे अर्थ जवळजवळचे असतात. 'नैसर्गिक' हा शब्द घ्या. एकदा त्याचा अर्थ 'कारखान्यात न बनलेलं', आणि पुढच्याच वाक्यात 'अपाय न करणारं'. धोतऱ्याचं बी आणि कण्हेर ही दोन्ही पूर्ण नैसर्गिक आहेत, आणि दोन्ही विषारी आहेत.

दुसरा प्रकार: शब्द स्पष्ट, पण वाक्याची रचना दुहेरी. "मी तुला शिकवताना पाहिलं." कोण शिकवत होतं? मराठीत 'आपल्या' हा शब्द या बाबतीत फार कसरती करतो. "सरपंचांनी आपल्या विहिरीसाठी पैसे मंजूर करून घेतले." गावाच्या की स्वतःच्या? भाषणात हे वाक्य एका अर्थाने टाळ्या मिळवतं आणि चौकशीत दुसऱ्या अर्थाने वाचवतं.

जोडणं आणि तोडणं हेही त्याचेच प्रकार. पाच म्हणजे दोन आणि तीन. दोन सम, तीन विषम. म्हणून पाच सम आणि विषम दोन्ही. आकड्यांत हे हास्यास्पद वाटतं. 'या गावातली माणसं' असा समूह घेऊन त्याचा गुण एकेका माणसावर चिकटवला जातो तेव्हा कोणी हसत नाही.

भाषेबाहेरच्यांत मला सर्वात उपयोगी वाटतो तो उलट्या दिशेने जाण्याचा प्रकार. पाऊस पडला की जमीन ओली होते. जमीन ओली आहे. म्हणून पाऊस पडला. टँकर गळत गेला असेल तर? अ‍ॅरिस्टॉटलचं आणखी एक उदाहरण: मध पिवळा असतो, म्हणून पित्तही पिवळं पाहून लोक त्याला मध समजतात. 'ज्यांनी घोटाळा केला ते गप्प बसतात. हा गप्प आहे. म्हणजे यानेच केला' हे त्याच साच्यातलं. याशिवाय जे सिद्ध करायचं तेच वेगळ्या शब्दांत आधी गृहीत धरणं, आणि एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबणं. "तू खोटं बोलणं कधी सोडलंस?" याला तारीख सांगितली तरी अडकलो आणि 'सोडलं नाही' म्हटलं तरी अडकलो. अ‍ॅरिस्टॉटलचा सल्ला सरळ आहे: एका प्रश्नाला एकच उत्तर द्यायचं, आणि प्रश्न दोन असतील तर आधी ते वेगळे करायचे.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण आपल्या रोजच्या बोलण्यात याच जातीचे शब्द आहेत. 'वितंडवाद', 'शब्दच्छल', 'हेत्वाभास' हे न्यायदर्शनातून आलेले. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन भेद आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद. जिंकण्यासाठी तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसती समोरच्याची पाडायची ती वितंडा. वाक्छलाचं त्यांचं उदाहरण असं: कोणी म्हणतं, "हा मुलगा नवकंबल आहे", म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा उठतो, "नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!" संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. पण सूत्रकारांनी जल्प-वितंडा सरसकट टाकून दिलेली नाहीत. कोवळे कोंब वाचवायला शेताला काट्याच्या फांद्यांचं कुंपण घालतात, तशी सत्याच्या रक्षणासाठी ती वापरायची, असं सूत्र आहे. ज्याने बोराटीच्या काट्यांनी वावर शाकारलंय त्याला ही उपमा वेगळी समजवावी लागणार नाही. कुंपण पिकासाठी असतं. फक्त काटेच लावलेलं वावर कोणी पेरत नाही.

आता तो कुत्रा. अ‍ॅरिस्टॉटलने त्याच ग्रंथात या युक्तिवादाचा उल्लेख केला आहे आणि तो भाषेबाहेरच्या सात प्रकारांतल्या एकात घातला आहे: वस्तूला योगायोगाने लागू झालेल्या गुणांची गल्लत. कुत्रा 'बाप' आहे तो पिल्लांच्या संबंधात. कुत्रा 'तुझा' आहे तो मालकीच्या संबंधात. दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्याच्या ठिकाणी आल्या, एवढाच त्यांचा संबंध. 'तुझा' आणि 'बाप' शेजारी ठेवले की मालकीचा 'तुझा' नकळत नात्याचा 'तुझा' होतो. म्हणून उत्तर द्यायचं असं: "हो, तो बाप आहे, पिल्लांचा. हो, तो माझा आहे, मालकीचा." 'कोणाचा' आणि 'कशाने' हे दोन शब्द तोंडातून निघाले की डाव तिथेच थांबतो.

ग्रंथाच्या शेवटी अ‍ॅरिस्टॉटल जुन्या शिक्षकांबद्दल एक तक्रार करतो. ते विद्यार्थ्यांना तयार भाषणं आणि तयार प्रश्न पाठ करायला देत. म्हणजे पाय दुखू नयेत असं शिकवतो म्हणायचं आणि जोडे बनवायची कला न शिकवता तऱ्हेतऱ्हेचे जोडे पुढ्यात ठेवायचे. त्याने गरज भागते, पण विद्या येत नाही. तेव्हा क्टेसिप्पसला कोणीच जोडे शिवायला शिकवलं नव्हतं, म्हणून त्याने पुढे जे केलं ते पाहण्यासारखं आहे. डायोनिसोडोरसने आणखी एक प्रश्न टाकला, "तू त्या कुत्र्याला मारतोस का?" क्टेसिप्पस हसून म्हणाला, "मारतो की, तुला मारता येत नाही ना!" "म्हणजे तू बापाला मारतोस." त्यावर तो म्हणाला, "त्यापेक्षा तुमच्या बापाला मारायला जास्त कारण आहे. एवढी शहाणी पोरं जन्माला घालताना त्याच्या मनात तरी काय होतं!" आणि मग तो त्या भावांचेच डाव त्यांच्यावर उलटवू लागला. संवादाच्या शेवटी सॉक्रेटिस भावांना म्हणतो, तुमची विद्या लोकांसमोर फार दाखवू नका. क्टेसिप्पसने ती बघता बघता उचलली, अशाने फी कोण देईल?

अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५ च्या सुमारास अथेन्समध्ये स्वतःची शाळा काढली. ती भरत असे त्याच लायसियम तालमीत.